गाय गाभण आहे का? सोनोग्राफी की रक्तातली जनुकं

रेतन झालं की एकविसाव्या दिवसाकडे डोळे लागतात: गाय उलटते (पुन्हा माजावर येते) की राहते (गाभण ठरते)? सोनोग्राफीत २८-३० दिवसांनी गर्भाचं धडधडणारं काळीज पडद्यावर दिसतं. डॉक्टर गोठ्यातच निकाल सांगतात. पण मुका माज (बाहेरून लक्षणं न दिसणारा) असला तर तोवर माजाची एक पाळी हातची गेलेली असते.

जनुकांची चाचणी आधी बोलते. साधारण १६व्या दिवसाला गर्भ इंटरफेरॉन-टाऊ, म्हणजे आपण आहोत असा आईच्या शरीराला निरोप देणारं प्रथिन, भरपूर सोडू लागतो. त्या निरोपाने गर्भाशयाच्या अस्तरात आयएसजी-१५सारखी जनुकं जागी होतात आणि १८-२० दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशींतही तीच हालचाल दिसते. मात्र विषाणूसंसर्गातही हीच जनुकं चाळवतात, शिवाय आरएनए (जागं झालेलं जनुक ज्यावरून ओळखतात तो रेणू) काढायला प्रयोगशाळा हवी. आणि विसाव्या दिवशी असलेला गर्भ तिसाव्याला टिकेलच असं नाही. माझ्या गोठ्यात तरी सध्या सोनोग्राफीच.