पार्सल ९४० ग्रॅमचं, बिल साडेचार किलोचं

कोल्हापुरातनं चपला, गूळ, मसाला, काहीही कुरियरनं बाहेरगावी पाठवत असाल तर हे शेवटपर्यंत वाचा. घरातून धंदा करणाऱ्या बायकांनी तर नक्कीच. पार्सल वेळेत पोचतं, गिऱ्हाईक खूश असतं, आणि त्यानंतर दहा-पंधरा दिवसांनी आपल्या खात्यातून गुपचूप जी कपात होते, तिच्याविषयी हे लिहितेय.

आम्ही सुभाषनगरात राहतो. मामंजी आणि आमचे हे चपला करतात, त्यात कापशी हा कोल्हापुरी चपलेचा प्रकार जास्त. पूर्वी सगळा माल चप्पल लाईनच्या दुकानांना जायचा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. पुढं जून २०२५ मध्ये प्राडानं मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्या चपलेसारख्याच सँडल दाखवल्या आणि जो गदारोळ झाला, त्यानंतर पुणे-मुंबईपासून नागपूर-बंगळुरूपर्यंतची गिऱ्हाइकं थेट विचारायला लागली. ऑर्डर घेणं, खोक्यात भरणं आणि पाठवणं हे काम माझ्याकडे आलं.

कुरियर कंपनीचा माणूस घरी येऊन दर सांगून गेला. "ताई, पहिल्या अर्ध्या किलोला ४८, पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला ४०, वर १८ टक्के जीएसटी. बाकी एक रुपया नाही." मी त्याला व्हॉल्यूमेट्रिक वजनाचं तेव्हाच विचारलं होतं. ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. पार्सलची लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि त्याला ५००० नं भागायचं. येईल तो आकडा किलोत. हे वजन आणि काट्यावरचं वजन यांत जे जास्त, त्यावर पैसे. हलकं पण मोठं पार्सल गाडीत जागा अडवतं, म्हणून ही पद्धत आहे, आणि तिच्याशी माझं काही भांडण नाही. सगळ्यांचा भाजक ५००० च असतो असंही नाही, काही जण ४००० नं भागतात, मग वजन आणखी फुगतं. दर ठरवताना हा आकडा लिहून घ्या. नुसता 'अर्ध्या किलोला एवढे' हा दर अर्धवट आहे.

आमचं खोकं ३२ × २० × ११ सेंटीमीटरचं. गुणाकार ७०४०, म्हणजे व्हॉल्यूमेट्रिक वजन १.४०८ किलो. चपलेसकट काट्यावर ९४० ग्रॅम. म्हणजे दीड किलोचा स्लॅब (अर्ध्या-अर्ध्या किलोचा टप्पा), १२८ रुपये, जीएसटी धरून १५१ रुपये ४ पैसे. हा हिशेब मी त्या माणसासमोर कागदावर मांडला. त्यानं मान डोलावली. सुरुवातीचे काही महिने बिलंही तशीच आली.

मग वॉलेटमधून, म्हणजे कंपनीकडे आगाऊ भरून ठेवलेल्या पैशांतून, ४७ रुपये २० पैसे अशा कपाती दिसायला लागल्या. शेरा एकच, 'वजनातील तफावत'. ४० रुपये आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे दीड किलोचं पार्सल दोन किलोत टाकलेलं. खोकं तेच, माल तोच. आणि एके दिवशी नागपूरच्या एका ऑर्डरवर २८३ रुपये २० पैसे गेले. कंपनीनं माप लिहिलं होतं ४२ × ३० × १६. गुणाकार २०१६०, वजन ४.०३ किलो, स्लॅब साडेचार किलोचा. एका जोडामागं आमच्या हातात जे राहतं, त्यातला मोठा हिस्सा त्या एका ओळीत गेला. मामंजी दिवसभर बसून चामडं कापतात, वेण्या घालतात, टाके मारतात. त्यांच्या त्या कामाचे पैसे लांबच्या कुठल्यातरी हबमधल्या, म्हणजे कंपनीच्या पार्सल गोळा होणाऱ्या केंद्रातल्या, माप घेणाऱ्या मशीननं कापावेत, हे मला सहन झालं नाही.

कपातीच्या नोंदीशेजारी फोटो बघायची सोय असते. बऱ्याच जणांना ती माहीतच नसते, कारण ती दोन-तीन पानं आत दडवलेली आहे. मी फोटो उघडला. पट्ट्यावर आमचं खोकं होतं, लेबलचा नंबर आमचाच, आणि त्याला चिकटून दुसऱ्या कुणाचंतरी मोठं पार्सल. मशीननं दोन्ही मिळून एकच वस्तू धरली आणि बाहेरच्या कडांचं माप घेतलं. फोटोत हे शेंबड्या पोरालाही दिसेल. तरीही माझ्या डिस्प्युटला, म्हणजे कपातीवर नोंदवलेल्या हरकतीला, उत्तर आलं, 'तपासणी केली, माप योग्य आहे.' फोन केला तर सांगितलं की प्लॅस्टिकची पिशवी सैल असली की फुगून माप वाढतं. ही गोष्ट खरी आहे, पिशवीचा कोपरा वर राहिला तर मशीन तोही मोजतं. पण मी पिशवी वापरतच नाही. खोक्याला ब्राऊन पेपर घट्ट गुंडाळून चारी बाजूंनी टेप मारते, आणि तेही त्याच फोटोत दिसत होतं.

पार्सल न्यायला येणाऱ्या पोराला विचारलं. तो म्हणाला, "वहिनी, माझ्या हातात काय बी न्हाई ओ. मी गाडीत टाकतो, हबला देतो. पुढं मशीन काय सांगतंय ते मलाबी कळत न्हाई." त्याच्यावर राग काढू नका. तो खरं बोलत होता.

या सगळ्यात कळीचा मुद्दा हा की पैसे आधीच त्यांच्या हातात असतात. वॉलेटमध्ये रक्कम भरल्याशिवाय लेबल निघत नाही. कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसेही तेच गोळा करतात आणि आपली कपात वजा करून उरलेले आपल्याला देतात. त्यामुळे त्यांना मागावं लागत नाही, मागावं आपल्याला लागतं. आणि हरकत घ्यायची मुदत आमच्या करारात सात दिवसांची, तीही कपातीची नोंद पडल्यापासून. मेसेज येत नाही, पानावर जाऊन बघावं लागतं. दिवाळीच्या गर्दीत कोण रोज बघत बसणार? ४७ रुपयांसाठी कोण भांडणार? याच हिशेबावर हे चालतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून मी एकेका पार्सलवर भांडायचं सोडून सगळं स्टेटमेंट डाऊनलोड केलं आणि एका खाली एक मापं लिहून काढली. आमची खोकी शिरोली एमआयडीसीतल्या एकाच खोकेवाल्याकडून, एकाच साच्यातली येतात, आणि त्याच्या बिलावर माप छापलेलं आहे. कंपनीच्या नोंदीत मात्र तीच खोकी कधी ३३ लांब, कधी ३४, कधी ३६. एकदाही ३१ नाही. मोजण्यात चूक होते म्हटलं तर ती कधीतरी आपल्याही बाजूनं व्हायला हवी की नाही? आमच्या नोंदीत प्रत्येक चूक कंपनीच्या फायद्याची होती.

हे करताना आणखी एक गोष्ट लक्षात आली, ती सगळ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दीड किलोच्या स्लॅबला ७५०० घनसेंटीमीटरची मर्यादा पडते. आमचं ७०४० चं खोकं काठावरच होतं. लांबी-रुंदीत एकेक सेंटीमीटर जास्त धरला, ३३ × २१ × ११, की ७६२३ होतात आणि पार्सल दोन किलोत जातं. बोटभराचा फरक, आणि ४७ रुपये. आता आठ नंबरपर्यंतच्या चपलांसाठी मी ३० × १९ × ११ चं खोकं करून घेतलंय. त्याच्या तिन्ही बाजू एकेक सेंटीमीटरनं वाढवून धरल्या तरी ७४४० च होतात. खोकं निवडताना हा वाढीव हिशेब करूनच निवडा.

सगळ्याच कपाती खोट्या असतात असंही मी म्हणणार नाही. ओळखीच्या एक काकू कांदा-लसूण मसाला पाठवतात, त्याही अशाच चिडल्या होत्या. त्यांची नोंद पाहिली तर किलोभर मसाला, वर बरणी आणि खोकं, वजन किलोच्या वर जाणारच. दीड किलोचे पैसे तिथं बरोबरच होते. भांडायला जाण्याआधी आपलं माप आपण नीट घ्या, म्हणजे आपली बाजू पक्की राहते.

तक्ता, खोकेवाल्याचं बिल, हबमधला तो फोटो आणि आमच्या काट्याचं प्रमाणपत्र, असं सगळं जोडून मी कंपनीला ईमेल केला. चॅटवर बोलू नका, तिथला मजकूर पुढं सापडत नाही. धंद्यातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापनशास्त्र विभागाकडून वर्षाला पडताळणी होते, शिक्का मिळतो. आमचा काटा पडताळलेला आहे. मी विचारलं, 'तुमच्या हबमधल्या यंत्राची पडताळणी कधी झाली, त्याचं प्रमाणपत्र पाठवा.' त्या प्रश्नाला आजवर उत्तर आलेलं नाही. बाकीच्या मजकुराला उत्तर आलं, तेही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवल्यानंतर. तिचा नंबर १९१५, मराठीतही बोलता येतं. ते कोर्ट नव्हे, निकाल देत नाहीत, पण तक्रार कंपनीकडे अधिकृतपणे जाते. नुसत्या डिस्प्युटला ठोकळेबाज उत्तरं देणारी कंपनी त्यानंतर फोन करून बोलायला लागली.

नागपूरच्या पार्सलचे २४० रुपये परत आले. कपात २८३ रुपये २० पैशांची होती. जीएसटीचे ४३ रुपये २० पैसे त्यांनी ठेवूनच घेतले होते. जास्तीचं बिल रद्द झालं तर त्यावरचा कर कसा लावून ठेवता, क्रेडिट नोट (बिल कमी केल्याचा कागद) द्या, असा पुन्हा ईमेल करावा लागला, तेव्हा तेही मिळाले. परतावा आला म्हणून समाधान मानू नका, पैसा न् पैसा जुळवून बघा. ४७ रुपयांच्या कपातींपैकी ज्या मुदतीत होत्या त्या मिळाल्या. जुन्या मात्र 'मुदत संपली' म्हणून नाकारल्या.

त्या जुन्या कपातींसाठी मी आता जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. 'तुम्ही धंदा करता, तुम्ही ग्राहक नाही' असं मला फोनवर ऐकवलं गेलं. तुम्हालाही ऐकवतील. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूनं घेतलेली सेवा वगळली आहे हे खरं, पण केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी विकत घेऊन वापरलेल्या वस्तू व्यापारी हेतूत येत नाहीत, असं स्पष्टीकरण त्याच कलमाखाली दिलेलं आहे. त्यात उल्लेख वस्तूंचाच आहे, सेवेचा नाही, पण तेच तत्त्व सेवेलाही लागावं, असं माझं म्हणणं आहे. घरातली दोन माणसं चपला करतात आणि तिसरी पाठवते, यात स्वयंरोजगार नाही तर काय आहे? करारात दुसऱ्या शहराचं न्यायक्षेत्र लिहिलेलं असतं, त्यालाही घाबरू नका. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करायची मुभा याच कायद्यानं दिली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते.

रोजच्या पद्धतीत मी काय बदललं तेही सांगते. लेबल चिकटवल्यावर प्रत्येक पार्सलचे फोटो काढते: काट्यावर ठेवून, मग लांबी, रुंदी, उंची या तिन्ही बाजूंना मोजायची टेप लावून. प्रत्येक फोटोत लेबलचा नंबर आणि टेपवरचा आकडा दोन्ही वाचता आले पाहिजेत. लेबल नसलेला फोटो ते 'हे दुसरंच पार्सल' म्हणून फेटाळतात. दर सोमवारी कपातीचं पान उघडून बघते, म्हणजे सात दिवसांची मुदत चुकत नाही. वॉलेटमध्ये आठवड्याला लागेल एवढीच रक्कम ठेवते. काही ऑर्डरी आता पोस्टानं पाठवते. तिथं काउंटरवर आपल्या डोळ्यांदेखत वजन होतं आणि पावती हातात पडते. रांग लागते, पण नंतर कुणी मागून पैसे कापत नाही.

आणि एक सावधगिरी. अशा तक्रारीच्या नादात कंपनीचा नंबर इंटरनेटवर शोधून लावू नका. तसले खोटे 'कस्टमर केअर' नंबर भरपूर आहेत. 'परतावा देतो, लिंक उघडा, पाच रुपये भरा' म्हणाले की फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा. नंबर फक्त कंपनीच्या अधिकृत ॲपमधून किंवा बिलावरून घ्या.

तुमच्याकडेही जुन्या कपाती असतील तर आजच सगळी स्टेटमेंट आणि हबमधले फोटो डाऊनलोड करून ठेवा. खातं बंद केलं की ती पानं आपल्याला परत उघडता येत नाहीत. आयोगाकडे जायला कपात झाल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, कंपनीच्या सात दिवसांची नव्हे.