चेंजलॉग बॉटनं लिहावा का आपण? सिमँटिक-रिलीज अन् गिट-क्लिफ, दोन्ही वापरून पाहिले

राजेहो, चेंजलॉग म्हणजे कोणत्या व्हर्जनमध्ये काय बदललं त्याची यादी, अन् हे दोन्ही टूल ती यादी गिटच्या कमिटवरून, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदीवरून, काढतात. कमिटच्या सुरुवातीला फीट (नवीन सोय) नाहीतर फिक्स (दुरुस्ती) लिहायची सवय असेल तरच पुढचं वाचा, नाहीतर दोन्ही टूल सारखेच बिनकामाचे वाटतील.

आम्ही दोघंच, मी न् चुलतभाऊ, हिंगणघाटकडच्या जिनिंगवाल्यांसाठी सॉफ्टवेअर करतो, कापसाच्या गाडीचं वजन, काटापावती, कास्तकाराचा हिशोब असं. बसतो गावातच. ॲपमध्ये 'काय बदललं' नावाचं पान आहे अन् ते सरळ चेंजलॉगच्या फाईलमधून येते, म्हणजे आमचे कमिट शेवटी वाचतो कोण, तर जिनिंगचा दिवाणजी.

आधी सिमँटिक-रिलीज लावलं. काम चोख आहे त्याचं, नाव ठेवत नाही मी. पुश केलं (कोड सर्व्हरवर पाठवला) की सीआयवर, म्हणजे सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या कामात, कमिट वाचते, फिक्स असेल तर व्हर्जनचा शेवटचा आकडा वाढवते, फीट असेल तर मधला, टॅग (कोडवर व्हर्जनची खूण), रिलीज, सगळं आपोआप. फाईल पाहिजे असेल तर चेंजलॉगचा न् गिटचा प्लगिन लावा, मग बॉट फाईल लिहून स्वतःच मेनवर, म्हणजे कोडच्या मुख्य शाखेवर, कमिट टाकते.

अन् इथंच माझं डोकं फिरलं. दिवाणजीचा फोन, "हे नल चेक म्हणजे काय जी?" म्हणून मी फाईलमध्ये हातानं 'रिकाम्या वजनावर पावती अडकत होती' असं लिहिलं, पण पुश करायचं राहून गेलं न् तेवढ्यात भावाच्या पुशवर बॉटनं त्याच फाईलच्या डोक्यावर नवीन व्हर्जन चढवलं. ऐन सीझन, संध्याकाळी लाईन गेलेली, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर एक काडी रेंज, काट्यावर गाड्यांची रांग, वजनाची दुरुस्ती तातडीनं पाठवायची न् पुश रिजेक्ट. पुल केलं (सर्व्हरवरचं खाली ओढलं) तर कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच जागी दोघांचे वेगळे बदल, तोही कोडमध्ये नाही, चेंजलॉगमध्ये! असं त्या महिन्यात तीनचारदा झालं असेल, मोजलं नाही, पण भाऊ म्हणे "हा बॉट काहून ठेवला आपण?"

मग गिट-क्लिफ लावलं. ते रस्ट नावाच्या भाषेत लिहिलेलं आहे, एकच बायनरी, लॅपटॉपवरच चालते, नेट नसलं तरी गिटचा इतिहास जवळ असतोच. क्लिफ-टॉमल या सेटिंगच्या फाईलमध्ये रेजेक्स (मजकूर ओळखायचे नमुने) लिहून फिक्सचे कमिट 'दुरुस्ती' खाली टाकले, फीटचे 'नवीन' खाली, चोअर-रिफॅक्टर (किरकोळ कामं न् कोडची आतली आवराआवर) गाळले. फाईल निघाली की चहा पिता पिता दोन ओळी माणसाच्या भाषेत करायच्या, मग टॅग, मग पुश. मधात कोणी येत नाही.

त्रास याचाही आहे. टॅग आपणच टाकायचा, विसरलो की सगळं 'अनरिलीज्ड' (अजून न सोडलेलं) या मथळ्याखाली साचत जाते. अन् आउटपुटचा फ्लॅग (कमांडला जोडायचा पर्याय) देऊन पूर्ण फाईल पुन्हा काढली तर हातानं सुधारलेलं सगळं पुसून जाते, मी एकदा भोगलं, तेव्हापासून अनरिलीज्ड न् प्रीपेंड हेच दोन फ्लॅग, म्हणजे फक्त नवीन नोंदी निघतात न् जुन्या फाईलच्या वर बसतात.

मोठी टीम, पक्कं नेट, एनपीएमवर (जावास्क्रिप्टच्या पॅकेजांच्या कोठारात) पॅकेज सोडायचं असेल तर सिमँटिक-रिलीजच बरं पडेल कदाचित, आमच्यासारख्या दोघाचौघांना मात्र मी क्लिफच सांगीन. अन् सिमँटिकच घ्यायचं ठरलं असेल तर एवढं करा, गिटचा प्लगिन लावू नका, नोट्स रिलीजच्या पानावरच राहू द्या, फाईल बॉटच्या हाती देऊ नका.