नोडचे टॅग: हाताने, ऑटो स्केलिंग ग्रुपवरून की लाँच टेम्प्लेटमधून?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं वक्कल (एकत्र विकायचा पोत्यांचा ढीग) कोणत्या शेतकऱ्याचं, हे पोत्यांकडे पाहून कळावं लागतं. ते कळलं नाही तर सौदा झाल्यावर पट्टी (विक्रीचा हिशेब) कोणाच्या नावाने करायची? हळदीचे भाव दाखवणारं आमचं ॲप अ‍ॅमेझॉनच्या ईकेएसवर (कुबरनेटीसचे क्लस्टर, म्हणजे सर्व्हरचे समूह, चालवणारी सेवा), मुंबई रीजनमध्ये चालतं. सौद्याच्या दिवशी सकाळी नोड (क्लस्टरमधले सर्व्हर) वाढतात, दुपारनंतर उतरतात. एकाच खात्यावर आमची आणखी दोन कामं आहेत. महिनाअखेरीस बिल समोर आलं, तेव्हा कोणता नोड कोणत्या कामाचा होता हे सांगता येईना. नोडना टॅगच (नाव आणि किंमत, म्हणजे व्हॅल्यू, लिहिलेली ओळखचिठ्ठी) नव्हते.

पहिला मार्ग हाताने टॅग लावण्याचा. कन्सोल उघडायचा, नोडवर टॅग लिहायचा, पाच मिनिटांत काम होतं. पण तो नोड गेला की त्याच्या जागी येणारा कोराच येतो. संध्याकाळी पुसून टाकायचा चाचणी क्लस्टर असेल तर चालेल, एरवी या वाटेला जाऊच नका.

खरी निवड उरलेल्या दोन मार्गांत आहे. ऑटो स्केलिंग ग्रुपवर (गरजेप्रमाणे नोड वाढवणारा-कमी करणारा गट) टॅग लावून ‘प्रोपगेट ॲट लाँच’ चालू केलं, की त्यानंतर जन्मणारा प्रत्येक नोड तो टॅग घेऊन येतो. नोड तुम्ही स्वतः सांभाळत असाल तर हे सोपं आहे. टॅग बदलायला नवी आवृत्ती काढावी लागत नाही. उणीव एकच, पण मोठी: नोडच्या ईबीएस डिस्कना (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड डिस्क) हे टॅग लागत नाहीत. लाँच टेम्प्लेटमध्ये (नवा नोड कसा असावा हे लिहिलेला साचा) नोड आणि डिस्क दोघांचे टॅग लिहिता येतात. मात्र प्रत्येक बदलाला टेम्प्लेटची नवी आवृत्ती लागते, आणि चालू नोड बदलल्याशिवाय ती त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

मॅनेज्ड नोड ग्रुप (ईकेएस स्वतः सांभाळतं तो नोडचा गट) वापरत असाल तर माझं मत स्पष्ट आहे: लाँच टेम्प्लेटच घ्या. नोड ग्रुपला लावलेला टॅग त्या ग्रुपपुरताच राहतो, खालच्या नोडवर उतरत नाही. आम्ही तिथेच फसलो. ग्रुपवर टॅग दिसत होता, म्हणून काम झालं असं धरून चाललो आणि पुढचं बिलही तसंच आलं. दोन्ही मार्ग एकत्र वापरले आणि एकाच नावाचा टॅग दोन्हीकडे असला, तर नोडवर ऑटो स्केलिंग ग्रुपच्या टॅगची किंमत (व्हॅल्यू) चढते. म्हणून एक टॅग एकाच जागी लिहा.

हे झालं हिशेबाच्या टॅगचं. क्लस्टरच्या नावाचा जो टॅग असतो, ‘कुबरनेटीस डॉट आयओ स्लॅश क्लस्टर’ने सुरू होणारा, तो हिशेबासाठी नाही, त्यावर काम चालतं. स्वतः सांभाळलेल्या नोडवर तो ‘ओन्ड’ या किमतीसह तुम्हालाच लावावा लागतो; मॅनेज्ड ग्रुपमध्ये आपोआप लागतो. नोडला दोन सिक्युरिटी ग्रुप (नेटवर्कची ये-जा ठरवणारे नियम) जोडले असतील तर हा टॅग त्यांपैकी एकावरच ठेवा. आम्ही सावधगिरी म्हणून दोन्हींवर लावला, आणि लोड बॅलन्सरची (येणाऱ्या विनंत्या नोडमध्ये वाटणारा) सर्व्हिस ‘पेंडिंग’वर अडकून बसली. चूक सापडेपर्यंत अख्खी दुपार गेली.

टॅग लावले तरी बिलात ते लगेच दिसत नाहीत. बिलिंगमध्ये जाऊन त्यांना कॉस्ट ॲलोकेशन टॅग (खर्च विभागून दाखवणारे टॅग) म्हणून चालू करावं लागतं, आणि त्यालाही 24 तासांपर्यंत वेळ जातो. टॅगच्या नावात इंग्रजीची लहान-मोठी अक्षरं वेगळी मोजली जातात. एकाने पहिलं अक्षर मोठं लिहिलं आणि दुसऱ्याने लहान, की एकाच कामाचा खर्च दोन नावांखाली फुटतो. स्पेलिंग आधी ठरवून टेराफॉर्मच्या (क्लाउडची मांडणी फाइलमध्ये लिहिण्याचं साधन) फाइलमध्ये पक्कं करा.

पीव्हीसीतून (ॲपने कुबरनेटीसकडे केलेली डिस्कची मागणी) तयार होणाऱ्या डिस्कना मात्र यातला कोणताच मार्ग पुरत नाही. लाँच टेम्प्लेट फक्त नोडसोबत जन्मणाऱ्या डिस्क पाहतं. आमचा भावांचा सगळा डेटा पीव्हीसीवरच्या डिस्कवर आहे. तिचे टॅग ईबीएस सीएसआय ड्रायव्हरच्या (या डिस्क बनवणारा क्लस्टरमधला प्रोग्रॅम) सेटिंगमध्ये वेगळे लिहावे लागले.