२४० जीबीची साटा एसएसडी, जुन्या पीसीत: आधी एक स्टार देणार होतो

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू मी दोनदा टाईप करून पुसलाय. पहिल्यांदा रागारागात एक स्टार द्यायला बसलो होतो, दुसऱ्यांदा तर वस्तू परतच करायला निघालो होतो, आणि दोन्ही वेळा चूक एसएसडीची (हार्ड डिस्कच्या जागी लावायची, आत काहीच न फिरणारी डिस्क) नव्हतीच. आता आठ महिने वापरून झाल्यात, म्हणून शांत डोक्याने लिहितोय.

मशीन २०१२ चं. थर्ड जनरेशनचा आय३, एच६१ चिपसेटचा (बोर्डवरची मुख्य चिप) बोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. बटण दाबून आंघोळ उरकून आलो तरी स्क्रीनवर ते गोल गोल फिरतच असायचं. टास्क मॅनेजर उघडला की डिस्क १०० टक्के, प्रोसेसर मात्र निवांत बसलेला. घरच्यांचं एकच म्हणणं, भंगारात काढ. पण प्रोसेसर रिकामा बसलाय आणि डिस्क धापा टाकतेय म्हटल्यावर अख्खं मशीन का काढायचं, हा माझा हट्ट.

बॉक्समध्ये फक्त एसएसडी. स्क्रू नाही, केबल नाही, पट्टी नाही. ड्राइव्ह २.५ इंची आणि जुन्या कॅबिनेटमधली जागा ३.५ इंची, म्हणजे ती आत लोंबकळतच राहणार. मी सरळ डबल टेपने चिकटवली, आत फिरणारं काहीच नसल्यामुळे चालून जातं, हार्ड डिस्कला मात्र हे करू नका. केबलसाठी डीव्हीडी ड्राइव्हची डेटा केबल आणि पॉवरची पिन काढून घेतली, तसंही त्यात शेवटची सीडी कधी घातली ते आठवत नाही.

क्लोन करायला (जुनी डिस्क जशीच्या तशी नव्यावर उतरवायला) गेलो तर जुन्या डिस्कवर बॅड सेक्टर, म्हणजे खराब झालेले भाग, निघाले आणि ७० टक्क्यांवर जाऊन जे अडकलं ते अडकलंच. तुमची डिस्क टकटक आवाज करत असेल तर आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे काढून ठेवा, क्लोनचा खेळ नंतर. मी शेवटी नव्याने विंडोज १० टाकलं, त्याआधी कुठेतरी वाचलेलं आठवून बायोसमध्ये (पीसी चालू होतानाच उघडणारी बोर्डची सेटिंग) साटा मोड, म्हणजे बोर्डने डिस्कशी बोलायची पद्धत, जुन्या आयडीईवरून नव्या एएचसीआयवर केला. आयडीई मोडमध्ये एनसीक्यू (एकदम आलेली कामं रांगेत लावून उरकणं) चालत नाही, म्हणजे बारीकसारीक कामं एकदम आली की एसएसडीचा जोर दिसत नाही.

आता पहिला राग. बॉक्सवर लिहिलंय सेकंदाला ५०० एमबीच्या वर, माझ्याकडे टेस्टमध्ये आले २७०. निम्मे! लगेच रिव्ह्यू लिहायला घेतला, लिहिता लिहिता म्हटलं बोर्डचं स्पेसिफिकेशन तरी बघू, तर एच६१ चिपसेटला मुळात साटा ३ नाहीच, सगळे पोर्ट साटा २ चे, म्हणजे ३ गीगाबिट, म्हणजे हातात येणार साधारण २७०-२८० एमबीच. आणि खरं सांगायचं तर रोजच्या वापरात या आकड्याने काही बिघडत नाही. ७२०० आरपीएमच्या डिस्कला एक फेरी मारायला ८ मिलिसेकंद लागतात, त्यात हेड जागेवर न्यायचा वेळ वेगळा, आणि विंडोज सुरू होताना अशा हजारो छोट्या फाइल इथून तिथून गोळा कराव्या लागतात. एसएसडीला तेच काम मिलिसेकंदाच्या बारीकशा हिश्शात जमतं. फरक तिथे पडतो. आता २५ सेकंदात डेस्कटॉप समोर.

दुसरा राग मोठा होता. आठवड्याभराने सकाळी निळी स्क्रीन. पुन्हा पुन्हा चालू केलं तरी निळीच. एसएसडी गेली म्हणून पॅकिंगसुद्धा शोधून ठेवलं. मग लक्षात आलं, आदल्या रात्री भिंतीवरचं बटण बंद केलं होतं, त्याआधी आठवडाभर नुसतं शटडाऊन करत होतो तेव्हा हे झालं नव्हतं. बायोस उघडलं तर तारीख २०१२ ची आणि साटा मोड परत आयडीई! एएचसीआयमध्ये टाकलेलं विंडोज आयडीईत सुरू होईना, म्हणून ती निळी स्क्रीन. बोर्डवरचा तो नाण्याएवढा सीआर२०३२ सेल मेला होता. भिंतीतून करंट येत असेल तोवर एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) बंद पीसीलासुद्धा स्टँडबायचे ५ व्होल्ट देत राहतो, त्यावर सेटिंग टिकून राहतात, करंट तोडला की सगळा भार सेलवर. मीटर लावला तर ३ व्होल्टच्या जागी २.१.

गंमत म्हणजे सेल बहुतेक कित्येक महिने मेलेलाच असणार. पण जुनं विंडोज आयडीई मोडमध्येच टाकलेलं, त्यामुळे सेटिंग उडाली तरी त्याला फरक पडत नव्हता, आणि घड्याळ चुकलं तर ते इंटरनेटवरून गुपचूप दुरुस्त व्हायचं. मी एएचसीआय केला आणि ते उघडं पडलं. वायर काढली, सेल बदलला, मोड परत एएचसीआय, त्यानंतर आजपर्यंत एकदाही निळी स्क्रीन नाही.

एसएसडीची स्वतःची खोट एकच सापडली, यातला वेगाने लिहायचा कॅश (तात्पुरती जागा) छोटा आहे, त्यामुळे २०-२५ जीबीची फाइल एकदम कॉपी करायला घेतली की सुरुवातीला पळते आणि मग कॅश भरला की बैलगाडी होते. व्हिडिओ एडिटिंगवाल्यांनी दुसरं काहीतरी बघा. ब्राउझर, एक्सेल, बिलिंग सॉफ्टवेअर यांना काही जाणवत नाही. आयुष्याचं म्हणाल तर कंपनी ८० टीबी लिहिण्यापर्यंतची हमी देते, माझे आठ महिन्यांत ३ टीबी पण झाले नाहीत.

आणि हो, नुसत्या एसएसडीवर थांबू नका, ४ जीबी रॅममध्ये दहा टॅब उघडले की पुन्हा रडगाणं सुरू. मी दुसरी ४ ची स्टिक टाकली, फक्त डीडीआर३च घ्या, डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असते, ती त्या स्लॉटमध्ये बसतच नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि थर्ड जनरेशनला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, म्हणून पुढच्या सुट्टीत यावर लिनक्स मिंट टाकणार आहे.

पाचपैकी चार स्टार. एक कापलाय तो चार स्क्रू न दिल्याबद्दल.