व्हिस्कस की इलेक्ट्रिक? कुंभार्ली घाट चढून ठरलेला पंखा

जुन्या डिझेल जीपचं फॅन कपलिंग, म्हणजे रेडिएटरचा पंखा इंजिनाला जोडणारा सिलिकॉन तेलावर चालणारा (व्हिस्कस) क्लच, गेलं की मेकॅनिक तीन वाटा दाखवतो. नवीन व्हिस्कस टाका, इलेक्ट्रिक पंखा बसवा, नाहीतर "बोल्ट मारून डायरेक्ट करून देतो". तिसरी वाट फक्त घरी पोचण्यापुरती. डायरेक्ट केलेला पंखा कायम इंजिनाबरोबर गरगरतो, डिझेल खातो आणि वॉटर पंपाच्या बेअरिंगला छळतो. प्रश्न उरतो पहिल्या दोघांचा. मी दोन्ही वापरलेत, तेही कुंभार्ली घाटातून जाणाऱ्या कराड-चिपळूण रस्त्यावर, त्यामुळे माझा काटा घाटाकडे झुकलेला आहे हे आधीच कबूल करतो.

खर्च करण्याआधी कपलिंग खरंच गेलंय का ते बघा. इंजिन बंद, थंड, चावी खिशात. पातं हाताने फिरवा. काकवीत चमचा फिरवल्यासारखं थोडं जड लागलं तर ठीक. एका झटक्यात तीन-चार चकरा मारल्या तर आतलं सिलिकॉन तेल गेलं समजा. हलतच नसेल तर जाम आहे. मग गाडी चांगली तापवून बंद करा आणि परत फिरवा. आता हाताला स्पष्टपणे जास्त जड लागलं पाहिजे. रेडिएटरमधून येणारी गरम हवा पुढच्या बायमेटल स्प्रिंगला लागते, झडप उघडते, तेल खाचांच्या चकत्यांमध्ये शिरतं आणि पंख्याला पकड मिळते. स्प्रिंगपाशी किंवा बेअरिंगभोवती धूळ चिकटून काळा चिकट थर जमला असेल तर गळती आहे. पात्याचं टोक धरून पुढे-मागे हलवा. खडखडलं तर दोष कपलिंगचा की पंपाचा, हे मात्र पट्टा काढून बघावं लागेल. चालत्या पंख्यात वर्तमानपत्राची गुंडाळी घालून तपासणारे उस्ताद अजून भेटतात. त्यांच्यापासून चार हात लांब राहा.

सकाळी पहिलं मिनिटभर पंखा घोंघावतो म्हणून कपलिंग बदलू नका. रात्रभर गाडी उभी असताना तेल कामाच्या कप्प्यात उतरतं, ते परत जाईपर्यंतचा तो आवाज.

माझं पहिलं कपलिंग गेलं तेव्हा मी हौसेने इलेक्ट्रिक बसवला. त्याचं कौतुक करायलाच हवं. कोल्हापूर नाक्यावर गर्दीत गाडी उभी असली तरी एसी थंडगार, कारण त्याला इंजिनाच्या आरपीएमशी देणंघेणं नाही. बोनेटखाली शांतता. ॲव्हरेज किंचित वाढल्यासारखं वाटलं, पण शपथेवर सांगणार नाही. रस्त्यावर पाणी भरलं तर स्विच देऊन तो बंदही ठेवता येतो. व्हिस्कस अशा वेळी इंजिनभर पाणी उडवतो.

पण मला खटकली ती हीच शांतता. मे महिन्यात चिपळूणहून आंब्याच्या पेट्या भरून निघायचं, घाटाच्या पायथ्याची पोफळी सोडली की दुसरा गिअर, आणि वर एसी. डिझेलच्या खडखडाटात पंखा लागलाय की नाही, कानाला काही कळत नाही. मग रस्त्यापेक्षा जास्त लक्ष टेम्परेचरच्या काट्यावर. बायको म्हणायची, "तुम्ही गाडी चालवताय की काटा?" एकदा तो काटा खरंच चढला. वळणावर बाजूला घेऊन बोनेट उघडलं तर पंखा गपगार, प्लॅस्टिक जळाल्याचा वास, आणि रिलेचं (पंख्याला वीज जोडणाऱ्या स्विचचं) सॉकेट भाजलेल्या पापडासारखं तपकिरी, वेडंवाकडं. वायर जाड हवी होती, रिले चांगला हवा होता, मान्य. नीट वायरिंग केलेला पंखा कदाचित दहा वर्षं चालेल. पण त्याची बातमी मला काट्यानेच दिली, आणि काटा जरा उशिराच बोलतो.

आता परत व्हिस्कस आहे. हेळवाकपर्यंतच्या चढात इंजिन जोरात फिरतं तसा पंखाही फिरतो. तापमान वाढलं की पुढून तो घुमणारा आवाज सुरू होतो, वर सपाटीला लागलं की मावळतो. मी काट्याकडे क्वचितच बघतो. सिग्नलला एसी जरा कोमट होतो, तो सोसतो.

तुमची गाडी पुण्यातल्या ट्रॅफिकमध्येच फिरत असेल तर इलेक्ट्रिक घ्या. फ्यूज, रिले आणि अर्थिंगवर मात्र पैसे वाचवू नका. आणि इंजिन बंद असलं तरी त्यात हात घालू नका, काही गाड्यांत तो आपोआप सुरू होतो. व्हिस्कस घेणार असाल तर नवा नग बसवेपर्यंत गाडीत असतो तसा उभाच ठेवा, आडवा टाकलात तर तेल झिरपू शकतं. पंपावरच्या मोठ्या नटाचे आटे उलटे आहेत का तेही पान्याला जोर लावण्याआधी विचारून घ्या.

माझा इलेक्ट्रिक पंखा माळ्यावर पडून आहे, मोटर ठणठणीत. मेव्हण्याच्या गाडीला बसतो का बघायचंय. तो रोज हिंजवडीला जातो.