टायलर चिल्डर्सचा 'पर्गेटरी' : उमरेड रोडवर ऐकलेला अल्बम

आधीच सांगतो, मी काही कंट्रीवाला, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या गाण्यांवाला माणूस नाही. घरी भीमगीतं अन् खंजरीवरची भजनं ऐकत मोठा झालो, बँजो म्हटलं की मला वरातीतला बँजो आठवते, बटणं दाबून वाजवायचा तो, ज्याच्यावर नागीण वाजली की काका लोक डांबरावर लोळायले तयार. त्यामुळे मित्राने "बँजोवाला अल्बम आहे, ऐकच" म्हणून टायलर चिल्डर्सचा 'पर्गेटरी' पाठवला तेव्हा मी आधी हसलोच. हा बँजो वेगळा निघाला ना भाऊ. डफासारख्या गोलावर कातडं ताणलेलं, त्याला दांडी अन् तारा, अन् मूळ पाहायला गेलं तर आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांसोबत अमेरिकेत पोचलेलं वाद्य.

अल्बम ऑगस्ट 2017 चा, म्हणजे मी बराच उशिरा आलो. हा गायक अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या पूर्व भागातला, बाप कोळशाच्या धंद्यात कामाला होता. 2011 मध्ये स्वतःच एक अल्बम काढला होता पण तो आजूबाजूच्यांनाच माहीत, मग केंटकीचाच गायक स्टर्जिल सिम्पसन अन् कंट्रीचा मोठा गायक जॉनी कॅश याच्या रेकॉर्डिंगवर वर्षानुवर्षं काम केलेला डेव्हिड फर्ग्युसन या दोघांनी 'पर्गेटरी' प्रोड्यूस केला अन् गाडी सुटली, 2019 चा पुढचा अल्बम तर बिलबोर्डच्या कंट्री चार्टवर एक नंबरला गेला.

गाणी दहाच. नागपूरहून उमरेडला पोचेपर्यंत अल्बम संपून परत सुरू झालेला असते. मी बहुतेक वेळा तिथेच ऐकला, कारण भाऊजी उमरेडच्या कोळसा खाणीत डंपरवर आहेत अन् महिन्यातून दोनदा तरी जाणं होते. एकदा त्यांना शेजारी बसवून लावला. पहिल्या दोन मिनिटांत म्हणे, "हा गाऊन राहिला का रडून राहिला?" पण 'व्हाइटहाउस रोड' लागलं तसे पाय हलवायले लागले. "दारूचं गाणं आहे ना हे?" म्हटलं हो, दारूचंही अन् तिच्या पुढच्या नशेचंही. "कळते," म्हणाले, अन् परत लावायला लावलं. इंग्रजीचा एक शब्द कळला नसेल त्यांना. खरं सांगायचं तर मलाही अर्धे शब्द लिरिक्स वाचूनच कळले, उच्चार इतका गावरान आहे की वाटते आपला झाडीपट्टीतला माणूस इंग्रजी बोलून राहिला.

टायटल साँग शुद्ध ब्लूग्रास, म्हणजे फिडल (आपलं व्हायोलिनच) अन् बँजो असे पळतात की मागे कुत्रं लागलं. हा प्रकार बिल मन्रोने उभा केला, तोही केंटकीचाच, अन् नावही त्याच्या बँडवरूनच पडलं. गाण्यातली गंमत अशी की पोरगा बॅप्टिस्ट, पोरगी कॅथलिक, म्हणजे ख्रिश्चनांतलेच दोन वेगळे पंथ. पर्गेटरी म्हणजे स्वर्ग अन् नरकाच्या मधलं स्टेशन, ते बॅप्टिस्ट मानतच नाहीत, पण हा इतका वाया गेला आहे की पोरीला म्हणते तूच प्रार्थना कर, तुमच्याकडे निदान मधे थांबायची सोय तरी आहे. हसलो मी, पण नंतर वाटलं की लग्नासाठी दुसऱ्याचे देव उधार घेणारे आपल्या गल्लीतही कमी नाहीत.

'बँडेड क्लोव्हिस' लेकरांसमोर लावू नका. जुन्या दगडी बाणाच्या टोकासाठी मित्राचाच खून, अन् सांगणारा आवाज एकदम शांत. 'युनिव्हर्सल साउंड' मध्ये बुवा श्वासावर लक्ष देऊन राहिला, कामठीला विपश्यना करून आलेल्या माझ्या मावशीला ऐकवलं तर म्हणाली "बरोबर सांगते तो."

स्टुअर्ट डंकनचं फिडल हा या अल्बमचा अर्धा जीव आहे. ड्रम मात्र मला एकदोन ठिकाणी जास्त वाटले, अस्सल ब्लूग्रासमध्ये ड्रम नसतातच, अन् इथे ते मधेमधे गाण्याला ढकलतात. 'टॅटूज' मी सरळ पुढे ढकलतो, चांगलं असेल, मला बोअर होते.

शेवटचं 'लेडी मे'. फक्त तो अन् गिटार, बाकी सगळे घरी गेले. बायकोसाठीचं गाणं आहे पण चांदतारे नाहीत, स्वतःला हिकरीचं (टणक लाकडाचं) झाड म्हणते, सगळ्यात टणक नाही पण हिकरीच, जे तिच्या कुऱ्हाडीने पडलं. हे एक गाणं ऐका, पटलं तर बाकीचा ऐका, नाही पटलं तर सोडून द्या, जबरदस्ती नाही.

आता माझा शहाणपणा. इतका आवडला म्हणून ऑनलाइन रेकॉर्डच (ती जुनी काळी तबकडी) मागवली, अन् कधी, तर मे महिन्यात. नागपूरच्या मे महिन्यात डिलिव्हरीच्या गाडीत दिवसभर पडून राहिली अन् कडेने पापडासारखी वाकून आली, पुठ्ठाही पातळच होता. सेलर म्हणे उन्हाने झालेल्या नुकसानीची जबाबदारी आमची नाही. मागवायची असेल तर दिवाळीनंतर मागवा. 'लेडी मे' मधल्या भागात येते, तिथे वाकलं नाही, म्हणून ते नीट वाजते. पहिलं गाणं 'आय स्वेअर' कडेला आहे अन् ते डोलते, तसंही ते रात्रीची न उतरलेल्या माणसाचंच गाणं आहे, त्यामुळे घरी कोणाच्या लक्षात आलेलं नाही.