शाळेतल्या मुलांची वाढ कोणत्या तक्त्यावर पाहावी : डब्ल्यूएचओ, आयएपी की सीडीसी?

शाळा सुरू झाली की प्रगतिपुस्तकात उंची आणि वजन लिहिलं जातं, आणि बहुतेक वेळा ते आकडे तिथेच राहतात. ज्या शिक्षकांना किंवा पालकांना ते पुढे वापरायचे असतात, त्यांच्यासमोर लगेच प्रश्न येतो : हे ताडून पाहायचं कशाशी? शोधाशोध केली की तीन तक्ते हाती लागतात. जागतिक आरोग्य संघटनेचा, म्हणजे डब्ल्यूएचओचा २००७चा. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा, म्हणजे आयएपीचा २०१५चा. आणि अमेरिकेतल्या सरकारी आरोग्यसंस्थेचा, म्हणजे सीडीसीचा २०००चा. तिन्ही जाणकारांनी तयार केलेले, तिन्ही मोफत मिळणारे. तरीही एकच मूल तिन्हींवर तीन जागी दिसू शकतं.

यातला एक निवडण्याआधी एक गोष्ट बघावी, असं माझं ठाम मत आहे : तक्त्यात मुलं कोणाची आहेत? छापलेल्या रेघा इतक्या गुळगुळीत असतात की तो निसर्गाचा नियमच वाटावा. पण प्रत्येक रेघेमागे कुठल्या तरी गावातली, कुठल्या तरी काळातली मुलं असतात. कोणीतरी त्यांना भिंतीला उभं करून मोजलेलं असतं. ती कशी वाढली, त्यावर तुमच्या मुलाला 'ठीक' म्हणायचं की नाही हे ठरतं.

मोजायच्या दोन परंपरा

फ्रान्समध्ये फिलिबेर गेनो द माँबेयार यांनी १७५९ ते १७७७ अशी अठरा वर्षं स्वतःच्या मुलाची उंची साधारण दर सहा महिन्यांनी मोजून ठेवली. निसर्गाचे अभ्यासक बुफाँ यांनी ती नोंद छापली, म्हणून ती टिकली. एकाच मुलाची, जन्मापासून तरुणपणापर्यंतची ही नोंद आजही वाढीच्या पुस्तकांत दाखवतात, कारण वयात येताना उंची कशी झपकन वाढते ते तिच्यात स्पष्ट दिसतं.

दुसरी परंपरा घोळक्याची. बोस्टनमध्ये हेन्री बाउडिच यांनी १८७५च्या सुमारास शहरातल्या शाळांतली सुमारे २४ हजार मुलं मोजून घेतली. साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी मुली मुलग्यांपेक्षा उंच असतात, हे त्या आकड्यांतून नीट पुढे आलं. कष्टकऱ्यांची मुलं सुस्थितीतल्या घरांतल्या मुलांपेक्षा लहान भरतात, हेही त्यांनी दाखवलं. इंग्लंडला हे त्याआधीच कळू लागलं होतं. १८३३च्या कारखाना कायद्याच्या काळात गिरण्यांत राबणाऱ्या मुलांची उंची मोजली गेली. जन्मनोंदणी नव्हती, त्यामुळे मूल कामाला लावण्याइतकं मोठं आहे का, हेही उंची आणि दात पाहून ठरवायचा प्रयत्न होई. जपानने १९००पासून देशभरच्या शाळांतली मोजमापं गोळा केली. दुसऱ्या महायुद्धातली उपासमार त्या आकड्यांत आजही वाचता येते : मुलांची सरासरी उंची चक्क खाली आली होती.

घोळक्याच्या मोजणीत समाज दिसतो, पण एकेकटं मूल हरवतं. हे नेमकं पकडलं मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी. १८९१मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या वूस्टरमध्ये तीच तीच मुलं दरवर्षी मोजायला घेतली. एक मुलगा बाराव्या वर्षी झपाट्याने वाढतो, दुसरा पंधराव्या. दोघांची सरासरी काढली की दोघांचाही झपाटा पुसला जातो आणि एक सपाट, कोणाचीच नसलेली रेघ उरते. मुलांच्या वाढीला आपापली गती असते, हा त्यांचा मुद्दा. पुढे लंडनजवळच्या हार्पेंडनमध्ये जेम्स टॅनर यांनी एका बालगृहातल्या मुलांची १९४९ ते १९७१ अशी सलग मोजणी चालवली. जवळजवळ सगळी मोजमापं रेजिनाल्ड व्हाइटहाउस या एकाच माणसाच्या हातची, कारण मोजणारा बदलला की आकडाही हलतो. वर्षाला उंची किती वाढली याचा तक्ता डॉक्टरांच्या रोजच्या कामात आला तो या दोघांमुळे.

आज आपल्यासमोर असलेले तिन्ही तक्ते मुख्यतः घोळक्याच्या परंपरेतले आहेत. एवढं डोक्यात ठेवून पुढे जाऊ.

डब्ल्यूएचओ २००७

याच्याबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. 'जागतिक' म्हटल्यावर जगभरातली मुलं मोजली असतील असं वाटतं, आणि पाच वर्षांखालच्या तक्त्याबाबत ते बरंचसं खरंही आहे. १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांत सुमारे साडेआठ हजार मुलं निवडून मोजली. भारतातून दक्षिण दिल्लीतली. आई सिगारेट न ओढणारी, बाळ अंगावर पिणारं, घरात खाण्यापिण्याची ददात नाही, अशी घरं. सहाही ठिकाणची मुलं उंचीने जवळजवळ सारखी वाढली. २००६ला तो तक्ता आला. आपल्या अंगणवाड्यांत तोच वापरतात, आणि पाचाखाली दुसरा पर्याय शोधायची गरज नाही.

पाचापुढचा तक्ता मात्र वेगळा. २००७मध्ये तो करताना १९६० आणि ७०च्या दशकांत अमेरिकेत मोजलेल्या मुलांचे जुने आकडे नव्याने बसवले आणि खालच्या टोकाला २००६चा तक्ता जोडला. म्हणजे पाच ते एकोणीस वर्षांची ती रेघ मुळात अमेरिकन शाळकरी मुलांची आहे. एकोणिसाव्या वर्षी तिची मधली उंची मुलग्यांसाठी १७६.५ आणि मुलींसाठी सुमारे १६३ सेंटिमीटर येते.

देशादेशांची किंवा जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करायची असेल, संशोधनाचा अहवाल लिहायचा असेल, तर हाच तक्ता घ्यावा, कारण जगभर तोच चालतो. वर्गातल्या एका मुलासाठी तो थोडा दूरचा वाटतो. वजनाचा तक्ता तर दहाव्या वर्षीच थांबतो. त्यापुढे बीएमआय, म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, पाहा असं ते सांगतात, आणि ते बरोबरच आहे. वयात येताना नुसत्या वजनावरून मूल जाड आहे की फक्त उंच, हे कळत नाही.

आयएपी २०१५

याच्या मागे भारतातला एक लांबचा प्रवास आहे. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, १९५६ ते १९६५ या काळात देशभर मुलं मोजली. ती बहुतेक गरीब घरांतली होती. त्यांच्या सरासरीला 'भारतीय प्रमाण' मानलं तर पोटभर न मिळालेल्या मुलाची उंचीच योग्य ठरते, आणि शेजारी तसंच वाढलेलं मूल तक्त्यावर अगदी ठीक दिसतं. म्हणून पुढे १९८९-९१ मध्ये डॉ. के. एन. अगरवाल यांच्या गटाने सुस्थितीतल्या घरांतली मुलं मोजली आणि आयएपीने २००७चा तक्ता त्यावर उभा केला. पुण्याच्या जहांगीर रुग्णालयातले डॉ. वामन खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी २००७-०८मध्ये अनेक शहरांतल्या शाळांत पुन्हा मोजणी केली. मग वेगवेगळ्या गटांचे आकडे एकत्र करून, १४ शहरांतल्या सुमारे ३३ हजार मुलांवर २०१५चा तक्ता आला. त्यात मुंबई आणि पुणेही आहेत.

उलट्या बाजूचा धोकाही त्यांनी ओळखला होता. सुस्थितीतली शहरी मुलं आता जाड होऊ लागली आहेत. त्यांना तसंच घेतलं तर जाडी 'सर्वसाधारण' ठरेल. म्हणून उंचीच्या मानाने फार जड मुलं आधी वगळली. शिवाय बीएमआयच्या तक्त्यावर दोन खास रेघा काढल्या, प्रौढपणी २३ आणि २७ला पोचणाऱ्या. मूल त्याच्या वयाला २३च्या रेघेच्या वर गेलं की जादा वजन, २७च्या रेघेच्या वर लठ्ठपणा.

हे आकडे का, ते समजून घेण्यासारखं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन यांचा २००४मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला फोटो वैद्यकात प्रसिद्ध आहे. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्या अंगात कमी वजनालाही चरबी जास्त असते आणि मधुमेह लवकर गाठतो. मग युरोपीय माणसाची सीमारेषा आपल्या मुलांना लावून कसं चालेल?

सीडीसी २०००

अमेरिकेत १९६३ ते १९९४ या काळात झालेल्या पाहण्यांवर हा बेतला आहे. यातही एक शहाणपणाची गोष्ट केलेली आहे : शेवटच्या, १९८८-९४च्या पाहणीतली सहा वर्षांवरच्या मुलांची वजनं बाहेर ठेवली, कारण तोवर तिथली मुलं जाड होऊ लागली होती. तुम्ही अमेरिकेत राहत असाल तर तिथले डॉक्टर दोन वर्षांपुढे हाच वापरतात, आणि त्यांच्याशी बोलताना हाच हाताशी हवा. फक्त वजनाच्या बाबतीत मराठी घरांनी आयएपीची २३ची रेघही एकदा पाहावी. देश बदलला म्हणून ती प्रवृत्ती जात नाही. महाराष्ट्रातल्या शाळेला हा तक्ता घ्यायचं काही कारण मला दिसत नाही.

एका मुलीवरून फरक

अठरा वर्षांची मुलगी, उंची १६० सेंटिमीटर, वजन ६१ किलो. बीएमआय आला २३.८. डब्ल्यूएचओच्या तक्त्यावर जादा वजनाची रेघ या वयाला २५च्या जवळ आहे, म्हणजे ही मुलगी बिनघोर. सीडीसीवरही तीच गत. आयएपीवर ती २३ ओलांडून गेलेली, म्हणजे जादा वजन. घरात मधुमेह असेल तर तिच्या आईला हे आजच कळलेलं बरं, की पुढच्या दहा वर्षांनी?

उंचीत हे उलट दिसतं. डब्ल्यूएचओची रेघ वयात येण्याच्या शेवटाकडे आयएपीपेक्षा काही सेंटिमीटर वर जाते. त्यामुळे आई-वडील दोघंही मध्यम उंचीचे असताना मुलगा डब्ल्यूएचओवर 'बुटका' निघतो आणि घरात उगाच घबराट होते. अशा वेळी आई-वडिलांच्या उंचीचा हिशोब करावा : दोघांच्या उंचीची बेरीज, मुलगा असेल तर त्यात १३ मिळवायचे, मुलगी असेल तर १३ वजा करायचे, आणि दोनाने भागायचं. मूल साधारण त्या आसपासच्या रेघेवर चालत असेल तर फार काळजी नको.

मग घ्यायचा कोणता?

महाराष्ट्रातल्या किंवा गोव्यातल्या शाळेसाठी, पाच ते अठरा वयासाठी : आयएपी २०१५. उंचीलाही आणि बीएमआयलाही. बालवाडीतल्या पाचाखालच्या मुलांना डब्ल्यूएचओ २००६. पाचव्या वाढदिवसाला एका तक्त्यावरून दुसऱ्यावर जाताना मुलाची जागा थोडी हलू शकते. ती उडी कागदाची असते, मुलाची नसते, म्हणून त्या वर्षी दोन्ही तक्त्यांवर बिंदू मांडून ठेवावा.

'शहरी, खातीपिती मुलं मोजून केलेला तक्ता मेळघाटातल्या किंवा नंदुरबारच्या आश्रमशाळेला कसा लावायचा,' असा आक्षेप येतो. मला वाटतं, तिथे तो लावायलाच हवा. तिथल्या मुलांसाठी वेगळी, खालची रेघ काढली की उपासमार पुन्हा तक्त्यातच लपते. मुलांना जे मिळायला हवं होतं ते मिळालं तर ती कुठवर वाढली असती, हे त्या मुलांच्या बाबतीतच सगळ्यात स्पष्ट दिसायला हवं.

आणि तक्ता कुठलाही असला तरी एका बिंदूवर निकाल देऊ नये. बोआस आणि टॅनर यांच्याकडून हे घ्यायलाच हवं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, ती एक नोंद झाली. शाळेने स्वतः जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये, तारखेसकट, त्याच मुलाच्या त्याच पानावर लिहिलं तर सातवीपर्यंत त्या मुलाची स्वतःची रेघ तयार होते. पाच वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. मधल्या रेघेवरचं मूल दोन वर्षांत दहाव्या पर्सेंटाइलला, म्हणजे शंभरांतली दहा मुलं जिच्या खाली असतात त्या रेघेला, उतरलं, तर एकेका तपासणीत ते 'ठीक'च दिसेल, पण ते ठीक नाही. उलट कायम तिसऱ्या पर्सेंटाइलच्या रेघेला धरून, वर्षाला साडेपाच सेंटिमीटर वाढणारं मूल बहुधा आपल्या घरासारखं आहे.

मोजताना बूट-मोजे काढायचे, मुलींच्या वेण्या आणि क्लिपा डोक्याच्या माथ्यावर येऊ द्यायच्या नाहीत, टाचा भिंतीला, नजर समोर. डोक्यावर पट्टी नव्हे, काटकोनात धरलेलं जाड पुस्तक किंवा लाकडी ठोकळा. भिंतीवर चिकटवलेली टेप जमिनीपासूनच सुरू होते ना, हे पाहायचं. खाली स्कर्टिंगची फरशी असेल तर तिच्या वरून टेप लावली जाते आणि सगळा वर्ग दहा सेंटिमीटर बुटका होतो. दिवसभरात पाठीचा कणा दबून उंची सेंटिमीटरभर कमी होते, म्हणून जूनमध्ये सकाळी मोजलं तर डिसेंबरमध्येही सकाळीच. वजनाचा काटा आधी शून्यावर आणायचा.

वयात येण्याआधी वर्षाला चार सेंटिमीटरपेक्षा कमी वाढ, उंची तिसऱ्या पर्सेंटाइलच्या खाली, दोन मोठ्या रेघा ओलांडून खाली येणं, किंवा बीएमआय आयएपीच्या २३च्या रेघेच्या वर जाणं : यातलं एकही दिसलं तर तारखांसकट सगळ्या नोंदी घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जावं. त्यांना ताज्या एका आकड्यापेक्षा मागच्या तीन वर्षांचं ते पान जास्त उपयोगी पडतं.